रोल बारवरचा फोम काढावा का? आधी उघडून तर बघा

रोल बार म्हणजे गाडी उलटली तर आतली माणसं दबू नयेत म्हणून डोक्यावरून बसवलेली पाइपची कमान. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात जीप घेऊन गेलं की तिच्याबद्दलचा पहिला सल्ला फुकट मिळतो. "पाव्हणं, त्यो फोम काढून टाका की. नुसता काळा पाइप ठेवा, गाडी वाघावानी दिसंल." चार वर्षांपूर्वी मला हा सल्ला मिळाला आणि मी तो ऐकलाही. फोम फाटला होता, वरचं रेक्झिन उन्हानं तडकलं होतं, पावसाळ्यात सगळ्याला कुबट वास मारायचा. अर्ध्या तासात सगळं उतरवलं, पाइपला काळा रंग मारला. गाडी देखणी दिसायला लागली, हे खोटं कशाला सांगू.

तीन महिन्यांनी ऊसतोडीच्या दिवसांत शेताकडं निघालो होतो. ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोरीत उजवं मागचं चाक एकदम उतरलं. वेग म्हणाल तर माणूस पळत गेला असता तेवढाच. मागं समोरासमोरच्या बाकावर बसलेल्या धाकट्या भावाचं डोकं वरच्या लांब पाइपवर आदळलं. कानाच्या वर पाच टाके पडले. गाडी उलटली नव्हती, आडवीही झाली नव्हती. नुसता एक हिसका बसला होता.

त्यामुळं हल्ली कुणी विचारलं, की मी सांगतो: फोम वर्षातून एकदा काढायचाच, पण आतलं लोखंड बघायला. डोक्याजवळचा फोम बघून झालं की परत चढवायचा. तोच नको असेल तर त्याहून चांगला घालायचा. जिथं कुणाचं डोकं, गुडघा किंवा कोपर पोहोचत नाही, तिथला कायमचा काढला तरी माझी हरकत नाही. हे काम नीट कसं करायचं, ते सविस्तर सांगतो.

फोम नेमकं काय करतो

फोम पाइपला मजबूत करत नाही. गाडी उलटल्यावर वजन पेलायचं काम पाइपचं, त्याच्या वेल्डिंगचं आणि खालच्या बोल्टचं. फोमचं काम एकच, डोकं थांबायला थोडी जागा देणं.

थोडं गणित करू. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. ताशी १० किलोमीटर वेगानं, म्हणजे सेकंदाला २.८ मीटरनं, ते बाजूला फेकलं गेलं असं धरा. उघड्या पाइपवर आदळलं तर कातडी दबेल तेवढ्यात, समजा ५ मिलिमीटरमध्ये, ते थांबणार. हा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ८० पट येतो. म्हणजे क्षणभर डोक्यावर सरासरी ४०० किलो वजन ठेवल्यासारखं. तेच डोकं २५ मिलिमीटरमध्ये सावकाश थांबलं तर धक्का १६ पटींवर येतो, वजनाच्या भाषेत ८० किलोच्या आसपास. एका इंचात एवढा फरक पडतो.

पण 'सावकाश थांबलं तर' हे शब्द विसरू नका. कुशनमधला मऊ स्पंज पहिल्या इंचभर काहीच विरोध करत नाही. तो सपाट होतो आणि डोकं जवळजवळ त्याच वेगानं लोखंडाला भेटतं. अशा फोमनं टेंगूळ वाचेल, कवटी वाचेल असं नाही. काढून टाकणारे लोक "हा फोम काय कामाचा?" म्हणतात ते एवढ्यापुरतं खरंच आहे. चुकतात ते त्याच्यावर शोधलेल्या उपायात.

फोमचे तोटेही मान्य करू. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळं आतला पाइप गुपचूप गंजतो. वेल्डिंगला गेलेली चीर तो झाकतो. स्वस्त स्पंज पेटला तर झपाट्यानं जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आणि जाड फोम घातला की आधीच बसक्या गाडीत डोक्याला जागा आणखी कमी होते. गगनबावडा हा जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस झेलणारा तालुका. तिकडं पावसाळ्यात दोन चकरा झाल्या की कापडी हूडच्या गाडीतला फोम धुतलेल्या गोधडीइतका जड होतो.

पहिली पायरी: बार खरा आहे की शोभेचा

फोमला हात लावण्याआधी खाली वाका. पाइप गाडीच्या तळाला जिथं टेकतो तिथं काय आहे ते बघा.

आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांना कापडी हूड आणि त्याखाली बारीक पाइपच्या कमानी असायच्या. त्या कमानी कापड पेलतात, गाडी पेलत नाहीत. त्यावर पुढं कुणीतरी बाहेरून रोल बार बसवून घेतलेला असतो. तो कुणी, कशाचा आणि कसा बसवला, हे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला माहीत नसतं. २०२० साली आलेल्या थारमध्ये कंपनीनंच रोल केज, म्हणजे अशा पाइपांचा जोडलेला पिंजरा दिला. गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेनं त्या गाडीला त्याच वर्षी पाचपैकी चार तारे दिले, पण ते कंपनीतून आली तशा गाडीला दिले, हे ध्यानात असू द्या. पिकअपच्या केबिनमागं हौद्यात बसवलेली चकचकीत स्टीलची कमान तर बहुतेक वेळा निव्वळ दिवे लावायला असते.

व्हर्नियर घेऊन पाइपचा बाहेरचा व्यास मोजा. रंग खरवडून खाली जस्ताचा मुलामा दिसला आणि व्यास ४८.३ मिलिमीटरच्या आसपास भरला, तर तो बहुधा दीड इंची पाण्याचा जीआय पाइप. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी माझ्या जुन्या बारवर बोट आपटून सांगितलं होतं, "ह्यो मोटर बसवायचा पाइप हाय, ह्याच्याखाली मान देऊ नका." बरोबर होतं त्यांचं. तुलनेसाठी, आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटना एफआयएच्या नियमांत मुख्य कमानीला किमान ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिलिमीटरचा, जोड नसलेला कोल्ड ड्रॉन कार्बन स्टीलचा पाइप लागतो. खालच्या प्रत्येक पायाला किमान तीन बोल्ट, एम-८ (म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे) आणि ८.८ या मजबुतीच्या ग्रेडचे. पत्र्याखाली आधाराची पट्टी किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची. आपल्याला काही रॅली खेळायची नाही. पण ज्या बारचा पाय नुसत्या हौद्याच्या पत्र्याला दोन बोल्ट आणि वॉशर लावून बसवलाय, तो उलटताना पत्रा फाडून वर येतो, हे समजायला रॅली खेळायची गरज नाही.

पाइपची जाडी बाहेरून कळत नाही. अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज असलेला माणूस शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओळखीपाळखीनं सापडतो. दोन मिनिटांचं काम आहे, भोक पाडावं लागत नाही.

बार शोभेचा निघाला तर फोमचा प्रश्न दुय्यम. आधी बारचं बघा. आणि नवा बार करून घ्यायचा असेल तर वेल्डरकडं जायच्या आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एमएच-०९ नंबर बघून कुणी ओळखीचा सोडून देईल, या भरवशावर राहू नका.

दुसरी पायरी: बसून मोजा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते सगळा निकाल इथंच लागतो.

गाडी सपाट जागी लावा. रोज जो चालवतो त्यानं रोजच्यासारखं बसायचं, बेल्ट लावायचा. दुसऱ्यानं बाहेरून बघायचं. आता बसलेल्यानं बेल्ट ताणेपर्यंत बाजूला, मागं आणि वर उसळी घ्यायची. डोकं कुठवर पोहोचतं तिथं पाइपवर खडूनं खूण करा. मग खुणेच्या दोन्ही बाजूंना एक-एक वीत आणखी वाढवा. अपघातात बेल्ट ताणतो, सीट लवते, मान लांबते. घरासमोर हसत हसत घेतलेल्या उसळीपेक्षा डोकं नक्कीच पुढं जातं.

हेच प्रत्येक सीटवर करा. सगळ्यात उंच माणसाला आणि सगळ्यात लहान मुलालाही बसवा. उंच माणसाचं डोकं कमानीच्या वरच्या वळणाला लागतं, मुलाचं बाजूच्या उभ्या पाइपला.

मागचे समोरासमोरचे बाक हा वेगळाच विषय आहे. तिथं माणूस आडवा बसतो, पाठ गाडीच्या बाजूला आणि डोक्यामागंच लांब पाइप. बहुतेक गाड्यांत तिथं बेल्ट नसतो, असला तरी कमरेपुरता. चाक खड्ड्यात गेलं की मागच्या माणसाचं डोकं ड्रायव्हरपेक्षा जास्त फेकलं जातं. माझ्या भावाचं तेच झालं. त्या पाइपवरचा फोम काढू नका, मग गाडी वाघासारखी दिसो नाहीतर म्हशीसारखी. बेल्ट नसलेल्या बाकावर खराब रस्त्याला माणूसच न बसवणं उत्तम. आमच्या घरी हा नियम आता झालाय. त्यापायी दोन पाहुणे रुसलेत.

तिसरी पायरी: उतरवणं

दिवस कोरडा निवडा. मी हे काम खंडेनवमीच्या आठवडाभर आधी करतो. गाडी तेव्हा धुतली जातेच, झेंडूची माळ चढायच्या आधी तिच्या हाडांकडंही बघून होतं. पाऊस ओसरलेला असतो, त्यामुळं चार महिन्यांत आत काय मुरलंय तेही कळतं.

आधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक तुकड्यावर आतून मार्करनं नंबर टाका, डावा-उजवा लिहा. हे तुकडे दिसायला सारखे असतात आणि परत घालताना एकही जागेवर बसत नाही.

चेन अडकली तर ओढाओढ करू नका, दातांवर मेणबत्ती घासा. वेल्क्रो असेल तर सोपं. केबल टाय कापताना कात्रीचं टोक पाइपकडं नको, रंग खरवडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. फोम गोंदानं चिकटवलेला असेल तर हेअर ड्रायरनं कोमट करत सोलत जा. उरलेला गोंद रॉकेलच्या फडक्यानं निघतो. पेट्रोल वापरू नका. जुना स्पंज हातात भुगा होतो, म्हणून तोंडाला मास्क बांधा.

दोन ठिकाणी थांबून विचार करा. काही गाड्यांत फोमखालून दिव्याच्या किंवा स्पीकरच्या वायरी गेलेल्या असतात, ब्लेड चालवायच्या आधी हातानं चाचपा. दुसरं म्हणजे सीट बेल्टचा वरचा बोल्ट बारवरच असेल तर तो उगाच सोडू नका. सोडावाच लागला तर तोच बोल्ट परत घाला. बेल्टचे बोल्ट साधारणपणे ७/१६ इंची, बारीक आट्याचे आणि खास मजबुतीचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला मापात बसणारा साधा बोल्ट तिथं चालत नाही.

थार रॉक्स, जिम्नी अशा पडदा एअरबॅग असलेल्या गाड्यांत छताच्या कडेचं काही काढायला जाऊ नका आणि त्यावर काही गुंडाळूही नका. ती एअरबॅग तिथूनच उघडते. हा सगळा लेख उघड्या पाइपच्या गाड्यांसाठी आहे.

चौथी पायरी: लोखंड वाचा

आता खरं काम. पाइप ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, हातात टॉर्च घ्या.

पहिली नजर खालच्या पायांवर. पाणी वरून झिरपत खाली येतं आणि फोमच्या शेवटच्या टोकाला थांबतं. वर पाइप नव्यासारखा आणि खालच्या चार बोटांत पापुद्रे, असं हमखास दिसतं. पेचकसाच्या मागच्या बाजूनं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला किंवा लोखंड दबलं तर तो पाइप गेला. वरवरचा तांबूस गंज वेगळा आणि बोटानं पापुद्रा निघतो तो वेगळा.

मग वेल्डिंग. चीर बहुतेक वेळा टाक्यात पडत नाही, टाका संपून पाइप सुरू होतो त्या कडेला पडते. ती केसाएवढी असते आणि रंगाखाली दिसत नाही. इथं कोल्हापूरकर असल्याचा फायदा आहे. फौंड्रीत कास्टिंगमधल्या बारीक चिरा रंगानं शोधायला वापरतात ते डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टचे तीन डबे इथं सहज मिळतात: क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. संशय असलेल्या जोडावरचा रंग काढा, क्लीनरनं पुसा, लाल डाय फवारा आणि दहा मिनिटं थांबा. मग क्लीनर फडक्यावर घेऊन जादाचा डाय पुसा. क्लीनर थेट जोडावर फवारू नका, नाहीतर चिरेतला डायही धुऊन जाईल. शेवटी डेव्हलपरचा पातळ थर मारा. पाच-दहा मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, तर तुम्ही इतके दिवस काय डोक्यावर घेऊन फिरत होता ते कळेल. मला एकदा मागच्या तिरक्या आधाराच्या जोडाला बोटभर रेघ मिळाली होती. फोम कायम तसाच ठेवला असता तर ती पुढं किती वाढली असती कोण जाणे.

तिसरं, सरळपणा. दोन उभ्या पाइपना वरून खालपर्यंत सुतळी ताणून धरा. वळणाजवळ व्हर्नियरनं दोन दिशांनी व्यास मोजा, पाइप चेपला असेल तर फरक दिसेल. एकदा उलटून वाकलेला बार तापवून सरळ करणारे लोक आहेत. त्यांना नमस्कार करून पुढं जा. वाकलेला बार बदलायचा असतो. चिरेवर नुसता वरून टाका मारणं आणि गंजलेल्या भागावर पत्र्याचा तुकडा चिकटवणं हेही तसंच.

चौथं, बोल्ट. पाना लावून प्रत्येक बोल्ट कसलेला आहे का बघा, खालून पट्टी गंजली आहे का बघा.

वरवरच्या गंजाला तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग फॉस्फोरिक अॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर, हातमोजे घालून. त्यावर झिंक फॉस्फेट किंवा इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. नुसता रेड ऑक्साइड मारून मोकळं होऊ नका, वर रंगाचा थर हवाच. रंग पूर्ण वाळायला दोन दिवस द्या. ओल्या रंगावर फोम चढवला की तो चिकटतो आणि पुढच्या वर्षी रंगासकट निघतो.

पाचवी पायरी: कुठला परत, कुठला नाही

आता खडूच्या खुणा कामाला येतात. खुणेच्या आतला प्रत्येक पाइप झाकायचा. ड्रायव्हरच्या डोक्याशेजारचा, डोक्यामागची आडवी नळी, मागच्या बाकाचे लांब पाइप आणि दारापाशी गुडघा लागतो तो उभा पाइप.

मागच्या तिरक्या आधारांवर, हौद्यात उतरणाऱ्या पायांवर आणि माणूस बसतच नाही अशा सामानाच्या जागेतल्या पाइपांवर फोम नको. माझ्या गाडीत तिथं आता नुसता रंग आहे. गंज सगळ्यात जास्त तिथंच धरत होता आणि आता लांबूनही दिसेल. वाघाची हौस तेवढ्यात भागते.

सहावी पायरी: फोम कुठला

बाजारात 'रोल बार पॅडिंग' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं एसीच्या पाइपवर चढवायचं काळं इन्सुलेशन असतं. ते पाणी पीत नाही हा त्याचा गुण, पण धक्का झेलायला ते बनवलेलंच नाही. चार साध्या चाचण्या घरी करा.

अंगठ्यानं जोरात दाबा. आतला पाइप अंगठ्याला लागला तर तो बसायच्या सोयीचा फोम. कामाचा फोम नव्या हवाई चपलेसारखा किंवा त्याहून कडक लागतो, दाबतो पण सावकाश.

एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, सकाळी पुसून परत तोला. वजन जवळजवळ तेवढंच राहिलं तर तो बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा. दुप्पट-तिप्पट झालं तर घरी उशी करा.

छोटा तुकडा उघड्यावर चिमट्यात धरून काडी लावा आणि काडी बाजूला घ्या. लगेच विझला तर ठीक. जळत राहिला, थेंब गळायला लागले तर तो गाडीत नको. धूर हुंगू नका आणि हे काम घरातल्या बारक्या पोरांसमोर करू नका. गाडीच्या आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे, विकत घेताना त्याबद्दल विचारायला काही बिघडत नाही.

चौथी चाचणी डोळ्यांनी करायची. रेसिंगसाठी तपासलेल्या पॅडिंगवर एसएफआय ४५.१ किंवा एफआयए ८८५७-२००१ टाइप ए असा शिक्का असतो. एफआयएच्या नियमांत हेल्मेट लागू शकेल अशा पाइपवर याच दर्जाचं पॅडिंग सांगितलं आहे. ते ऑनलाइन मागवावं लागतं, महाग पडतं, आणि त्यात एक मेख आहे.

हे पॅडिंग हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी बनवलंय. हेल्मेटच्या आतलं थर्माकोलसारखं अस्तर दबतं आणि बाहेरून हे कडक पॅडिंग दबतं, दोघं मिळून काम करतात. उघड्या डोक्याला ते लाकडासारखं लागतं. तरी लोखंडापेक्षा बरंच, पण 'रेसिंगचं लावलंय, आता काही होत नाही' हा समज काढून टाका. म्हणून मी पाणंद, ओढा, घाट असं काही असलं की मोटरसायकलचं हेल्मेट घालतो. गावातली पोरं हसतात. "दादा, जीपला क्लच हाय, किक न्हाय!" हसू देत. रोजच्या डांबरी रस्त्यावर हेल्मेट नसतं, तिथं मधल्या कडकपणाचा, बंद पेशींचा, किमान इंचभर जाडीचा फोम मला जास्त पटतो.

जाडीबद्दल एक सांगायचं राहिलं. फोम आणि डोकं यांच्यात नेहमी बसल्यावर चार बोटंही उरत नसतील, तर फोम वाढवू नका, सीट खाली घ्या. सीटखाली उंचीसाठी घातलेल्या पट्ट्या असल्या तर त्या आधी काढा. काही पॅडिंग एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असतं. जाड बाजू डोक्याकडं करायची. हे सांगायची वेळ येऊ नये, पण मी उलटं बसवलेलं पाहिलंय.

सातवी पायरी: चढवणं

फोमची चीर डोक्यापासून लांबच्या बाजूला आणि शक्य तिथं खाली ठेवा, म्हणजे वरून पाणी शिरत नाही. खालचं टोक पॅक करू नका. पायापासून चार बोटं पाइप उघडा राहू द्या, तिथून पाणी निथळतं आणि गंज डोळ्यांना दिसतो. गोंद लावू नका, पुढच्या वर्षी शिव्या तुम्हीच द्याल.

केबल टायची गाठ कधीही माणसाच्या बाजूला नको. तिचं कापलेलं टोक ब्लेडसारखं धारदार असतं. मी आता रुंद वेल्क्रोच्या पट्ट्या वापरतो.

वरच्या कव्हरला सीट कव्हरवाले रेक्झिन सुचवतात. मजबूत आहे, पण आतलं पाणी बाहेर येऊ देत नाही आणि दोन उन्हाळ्यांत तडकतं. बॅगेचं जाड नायलॉन कापड सांगा, चेन प्लास्टिकची सांगा आणि शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायला सांगा. जुने नंबर टाकलेले तुकडे नमुन्याला न्या, म्हणजे मापात चूक होत नाही.

आणखी दोन सवयी

बेल्ट नसेल तर वर लिहिलेलं सगळं वाया. बेल्टविना माणूस कुठल्या पाइपवर जाऊन पडेल ते कुणीच खडूनं आखू शकत नाही, आणि तेव्हा सगळी गाडीच फोमनं मढवावी लागेल.

दुसरी सवय हातांची. गाडी तिरकी झाली की बसलेला माणूस आपोआप वरचा बार पकडतो. फोम असला तर जास्तच, कारण पकड छान बसते. गाडी आडवी झाली तर ती बोटं पाइप आणि जमीन यांच्यामध्ये सापडतात. आतल्या बाजूला, डॅशवर किंवा सीटच्या चौकटीला पकडायला दांडा लावून घ्या. चढायच्या आधी सगळ्यांना सांगा, हात आत. ड्रायव्हरनं अंगठे स्टिअरिंगच्या आतून गुंडाळू नयेत हे त्याच दमात सांगून टाका. दगडावर चाक आपटलं की जुन्या जीपचं स्टिअरिंग झटक्यात फिरतं.

नवा फोम चढवल्यावर पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक कव्हरचं खालचं टोक मुठीत दाबून बघा. यंदा जूनमध्ये मी दाबलं तर डाव्या मागच्या पाइपमधून चहाच्या कपभर पाणी निघालं. हूडच्या कापडाला वर टाचणीएवढं भोक होतं. भोक बुजवलं, चेन उघडली आणि तो तुकडा दोन दिवस माडीवर दोरीला वाळत घातला. त्या दोन दिवसांत भाऊ मागच्या बाकावर बसला नाही.